लिंबाखालचा पाचवा दगड

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावातल्या प्रत्येकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कालपर्यंत साध्या एका सहीसाठी उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं आता ऐटीत "आपल्या कलेक्टर कचेरीत" असं बोलायला लागली होती. पानटपरीवाल्यानं पाटीवर 'जि. लातूर' असं रंगवून घेतलं आणि त्याचं बघून शेजारच्या न्हाव्यानंही. पाऊस तेवढा कुणाला जुमानत नव्हता. जिल्हा झाला म्हणून तो काही पडला नाही. भाद्रपद सरत आला तरी रानं भेगाळलेलीच होती, आणि म्हाताऱ्या बाया बहात्तर सालाची आठवण काढून बोटं मोडत होत्या.

एवढ्या सगळ्या मिरवामिरवीत एकच माणूस एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून फिरत होता. ते म्हणजे कॉलेजचे पंचाक्षरी सर. कागदोपत्री ते क्रीडा संचालक, गावाच्या तोंडी पी.टी. सर, पण स्वतःच्या मनात ते फक्त लांब पळणाऱ्यांचे कोच होते. कबड्डीचे गडी गावोगावच्या मातीत आपसूक उगवतात, व्हॉलीबॉलला जाळी बांधली की निम्मं काम झालं, पण दहा किलोमीटर पळणारा पोरगा घडवावा लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आठ वर्षं ते घडवत होते. आठ वर्षांत एकही घडला नव्हता.

पळणारी पोरं नव्हती असं नाही. पोरं होती, पहाटे उठत होती, रक्त ओकेपर्यंत पळत होती. पण जिमखान्याच्या दारावर सरांनी ऑइलपेंटनं एक ओळ लिहून ठेवली होती: 'मुले, १० कि.मी., ३४ मिनिटे. मुली, ३ कि.मी., ११ मिनिटे. याच्या आत आला तर पुढे.' पुढे म्हणजे विद्यापीठाच्या निवड स्पर्धेला. ही ओळ विद्यापीठाची नव्हे, खुद्द सरांची. आणि आजवर त्या ओळीच्या आत कोणी आलं नव्हतं.

ती ओळ लिहिण्यामागं एक जखम होती. चौऱ्याहत्तर साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, सर माणिकप्पा नावाच्या पोराला घेऊन नांदेडला गेले होते. पोरगा उदगीरकडचा, जीव तोडून पळणारा. पण बाकीचे सगळे पळून, घाम पुसून, केळी खाऊन झाले तरी माणिकप्पाच्या दोन फेऱ्या शिल्लक होत्या. भोंग्यावर बोलणारा माणूस विनोदी होता. "लातूरच्या पाहुण्याची मुक्कामाची सोय करा हो, गडी काय आज परतत नाही," असं तो म्हणाला आणि अख्खं मैदान खदाखदा हसलं. परतीच्या एस.टी.तून माणिकप्पा अहमदपूरच्या स्टँडवर पाणी पिऊन येतो म्हणून उतरला आणि परत गाडीत चढला नाही. तो थेट गावी गेला आणि त्यानं कॉलेजच सोडलं. त्या दिवशी सरांनी कानाला खडा लावला, की पुन्हा आपलं पोर कुणाच्या हसण्यावारी द्यायचं नाही.

कॉलेजच्या मैदानावर पळावं तर काळ्या मातीला पाऊलभर रुंद भेगा. म्हणून सरांनी औसा रस्ता धरला. नाक्यापासून पाचव्या किलोमीटरच्या दगडाला हात लावून परत आलं की पोरांचे दहा झाले. मुलींनी दुसऱ्या दगडापासून सुटायचं आणि पाचव्यापाशी थांबायचं, की तीन. पाचवा दगड एका मोठ्या लिंबाखाली होता. त्या उघड्याबोडक्या माळावर कोसभरात सावली म्हणावी अशी तेवढीच. सर सायकलवरून मागं मागं यायचे, गळ्यात घड्याळ. पोरगं दमून म्हणालं, "सर, आज जास्त लागल्यासारखं वाटलं," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घड्याळ मागंपुढं होईल, पाय कुरकुरतील. दगड खोटं बोलत नसतो."

दगडावर त्यांचा असा भरवसा असल्यामुळं बाकी प्रत्येक गोष्टीवरचा उडत गेला. घड्याळ तीनदा दुरुस्तीला नेलं. पोरांना शेंगदाणे-गूळ चारून पाहिलं, स्वतःच्या पगारातून अंडी चारून पाहिली. शेवटी उरले ते स्वतःच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ते अलीकडं घरी बोलू लागले होते. त्यांच्या बायकोनं, दानम्मानं, एकदा भाकरी थापता थापता विचारलं होतं, "अवो, ते चौतीस मिनिटं कुणी देवानं सांगितल्यात का? पोरांना नुसतं पळून तरी येऊ द्या." सरांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

त्या गुरुवारी पहाटे पंचशीला पळाली. पाचव्या दगडापलीकडच्या वाडीतली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोर. तिच्या आईला, पार्वतीबाईला, सर दुष्काळापासून ओळखत होते. तेव्हा सर नुकतेच पदवी घेऊन बेकार बसलेले, आणि याच औसा रस्त्यावरच्या दुष्काळी कामावर हजेरी लिहीत होते. पार्वतीबाई त्या वहीतली रोजची मजूर.

पंचशीलेनं लिंबाखालच्या दगडावर हात टेकले. कमरेत वाकून, धापा टाकत तिनं विचारलं, "किती, सर?"

"अकरा छत्तीस."

"परवा बी छत्तीस. त्याच्या आदी बी छत्तीस." ती दगडाला टेकून खाली बसली. "सर, खरं सांगा. माझ्यात न्हाईच का ते?"

सरांनी घड्याळ उगाच पुसलं.

"हे माझं आखरीचं साल हाय. नांदेडला पाठवणार नसाल तर आत्ताच सांगा. उद्यापासून पहाटं आईसंगं कामाला जाईन. उगं तंगड्या तोडून काय करू?"

"संध्याकाळपर्यंत सांगतो," सर म्हणाले. सांगायचं काय ते दोघांनाही माहीत होतं.

कारण नावं पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. पाचच्या नांदेड गाडीनं शिपाई अर्ज घेऊन जाणार होता. प्राचार्य हणमंतरावांनी सकाळीच बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण नव्या जिल्ह्याचं वारं त्यांच्याही कानात शिरलं होतं. "पंचाक्षरी, आता आपण जिल्ह्याचं कॉलेज आहोत. पहिलं वर्ष सोडलं तर आठ वर्षांत तुमच्या पळण्याचं एक नाव बाहेर गेलं नाही. यंदाही कोरंच राहणार असेल तर ते बंद करू. तुम्ही दुपारचं वाचनालय सांभाळा. बसून काम आहे, सावलीचं आहे."

सर जिमखान्यात येऊन कोऱ्या अर्जापुढं बसले. पंचशीलेचं नाव घालावं तर तिचा माणिकप्पा होणार. न घालावं तर पोर पळणं सोडणार, आणि तिच्यामागोमाग आपणही. दोन वेळा पेनाचं टोपण काढलं आणि दोन वेळा लावलं. वाचनालयात निदान कुणाच्या तोंडाकडं बघून मिनिटं सांगावी लागणार नाहीत, असाही विचार मनात येऊन गेला आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

एक वाजता दारात सायकल आदळल्याचा आवाज झाला. नरसिंग होता.

नरसिंग म्हणजे सत्त्याहत्तर सालचा त्यांचा सगळ्यात चांगला गडी. चौतीस मिनिटं पन्नास सेकंद, पन्नास सेकंदांनी हुकलेला. "पुढच्या वर्षी," असं सर त्याला म्हणाले होते, पण तो पुढच्या वर्षी आलाच नाही. बांधकाम खात्यात मैलकुली लागला. रस्त्याच्या कडा धरायच्या, खड्डे बुजवायचे, वर्षातून दोनदा दगडांना चुना मारायचा. रोज पहाटे औसा रस्त्यावर दोघांची गाठ पडायची, पण "रामराम सर" याच्यापुढं पाच वर्षांत बोलणं गेलं नव्हतं. आणि आज तो दारात उभा होता, खाकी सदरा घामानं चिंब झालेला.

"सर, पंचशीलेला पाठवा."

"अरे, काय झालं काय?"

"दगड चुकलाय, सर. पाचवा. नवा जिल्हा झाला म्हून रस्ता नव्यानं मापून राहिलो आमी. चौथ्या दगडापासून साखळी टाकत गेलो. हजार मीटर भरले आन् दगडाचा पत्ताच न्हाई. लिंब तिकडं लांब दिसून राहिलं. ओव्हरसियर मलाच बोलला, म्हणला साखळ्या मोजाया चुकलास, परत टाक. परत टाकली. तेवढंच. तिसऱ्यांदा टाकली. दगड सहा साखळ्या आन् वर धा मीटर पुढं हाय."

तीस मीटरची एक साखळी. सहा साखळ्या आणि दहा मीटर म्हणजे एकशे नव्वद. सरांना आकडा कळला, पण तो डोक्यात शिरेना.

"दगड कसा चुकेल?" ते म्हणाले. आठ वर्षं पोरांना सांगितलेलं वाक्य असं सहजासहजी सुटत नसतं.

"चला मंग. तुमी धरा साखळीचं एक टोक."

दोघं सायकली मारत निघाले. वाटेत चौथ्या दगडाच्या अलीकडं पंचशीला कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन चालली होती, तिलाही घेतलं. चौथ्या दगडापासून सरांनी स्वतःच्या हातानं साखळी धरली, पंचशीलेनं खुणेच्या काठ्या रोवल्या, नरसिंग मोठ्यानं आकडा बोलत गेला. एस.टी.तले लोक खिडकीतून बघत होते. तेहतीस साखळ्या आणि दहा मीटर झाले तिथं नरसिंगनं टाचेनं रेघ ओढली. हजार मीटर. आजूबाजूला नुसतं कुसळ. दगड नाही, लिंब नाही. तिथून आणखी सहा साखळ्या पडल्या, वर दहा मीटर पडले, तेव्हा कुठं सरांचा हात त्या पांढऱ्या दगडाला लागला.

एस.टी.च्या ड्रायव्हरला काय, एक दगड लांब आला तर पुढचा जवळ येतो. औशाला गाडी वेळेत पोचते. पण सर या दगडाच्या पुढं कधी गेलेच नव्हते. त्यांचं जग तिथं संपून परत नाक्याकडं वळत होतं.

एवढ्यात गवताचा भारा घेऊन पार्वतीबाई रानातून वर आली. लेक, लेकीचे सर आणि मैलकुली असे तिघं एका दगडाभोवती उभे बघून तिनं भारा खाली टाकला.

"काय सांडलं का काय?"

"आई, हा दगड जाग्यावर न्हाई," पंचशीला म्हणाली. "लई पुढं सरकलाय."

"सरकंल कशाला? आमीच आणला की त्यो."

सर दगडावरचा हात काढून तिच्याकडं वळले.

"मस्टरवाले दादा, तुमाला याद न्हाई व्हय?" तिच्यासाठी सर अजून दुष्काळातले हजेरीवालेच होते. "त्या साली चैतात तुमी वही लिवता लिवता चक्कर येऊन पडला. बैलगाडीत घालून दवाखान्यात न्हेलं. तीन हप्ते आला न्हाईत. पाणी वाढणारी म्हातारी म्हणली, लेकरू परत येईल आन् पुन्यांदा उन्हातच बसंल. सावली त्या लिंबाची, पर तिथं टेकाया काय न्हाई. तवा रस्ता रुंद कराया समदे दगड उपटून बाजूला टाकले हुते. आमी पाच जणींनी पहार लावली आन् लोळवत आणला. दोन दिस लागले. ही बगा." तिनं उजवा हात पुढं केला. दोन बोटांची नखं वेडीवाकडी वाढलेली होती. "चेंगरली त्याच्यात. मंग रस्ता झाल्यावर गँगवाल्यांनी जितं पडला हुता तितंच रोवला. आमी म्हणलं, ऱ्हाऊ द्या, बरा दिसतो."

सरांना आठवलं. आठवलं म्हणजे दगड हलवल्याचं नाही, कारण ते तेव्हा नव्हतेच. पण परत आल्यावर लिंबाखाली पाठ टेकायला दगड मिळाला होता, आणि त्याला टेकून तोंडात कामावर मिळणाऱ्या सुकडीचा घास टाकताना किती बरं वाटलं होतं, ते आठवलं. दगड तिथं कुठून आला असं त्यांनी कधी विचारलंच नाही. पुढं कोच झाल्यावर हाच रस्ता निवडला, तोही ओळखीचा म्हणून. हाच दगड निवडला, तोही सावलीत आहे म्हणून.

"मग मला कधी सांगितलं का नाही, पार्वतीबाई?"

"काय सांगायचं? तुमी टेकून बसत हुता ते दिसत हुतं की. आमाला काय ठावं, तुमी ह्या दगडावर पोरं मापता म्हून!"

सर मटकन खाली बसले. नेमके त्याच दगडाला टेकून, त्याच जागी. त्यांना आधी हसू फुटलं. कोणाला काही कळेना, सर हसतायत का रडतायत, आणि खुद्द सरांनाही ते नीट कळत नव्हतं. आठ वर्षं छातीवर ठेवलेलं जातं कोणीतरी येऊन एका हातानं उचललं होतं. घड्याळ बरोबर होतं, पोरं बरोबर होती. आणि आपणही, अगदी सगळं नाही तरी, बरोबर शिकवत होतो. माणसाला एवढं कळायला पुरे असतं.

"सर, माझं मापून सांगा," पंचशीला अधीर होऊन म्हणाली.

नरसिंगनं खिशातला खडू दिला. सरांनी डांबरी रस्त्यावरच गणित मांडलं. अकरा छत्तीस म्हणजे सहाशे शहाण्णव सेकंद. एवढ्यात पोर तीन हजार नव्हे, तीन हजार एकशे नव्वद मीटर पळत होती. ते भागाकार करत राहिले. मागून ट्रक आला तेव्हा नरसिंगनं लाल फडकं दाखवून तो बाजूनं काढला.

"दहा मिनिटं चोपन्न," सर म्हणाले.

पंचशीलेनं तो आकडा दोनदा वाचला. मग आईच्या गळ्यात पडली. "आई, तुझ्या दगडानं माझा जीव घेतला असता गं!"

"गप," पार्वतीबाई म्हणाली, "त्याच दगडानं पाय घट झाले तुझे." आणि भारा उचलून द्यायला लावून ती वाडीकडं चालू लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

नरसिंग मात्र रस्त्यावरच्या खडूच्या आकड्यांकडं बघत उभा होता. तो म्हणाला, "अन् माझं, सर?"

सरांच्या मनात तोच प्रश्न मघापासून होता, फक्त तोंडावर येत नव्हता. नरसिंगला जाऊन येऊन दोनदा भुर्दंड पडला होता, तीनशे ऐंशी मीटरचा. सर पुन्हा खाली वाकले. दोन हजार नव्वद सेकंद. दहा हजार तीनशे ऐंशी मीटर. हे गणित त्यांनी हळूहळू केलं, एकदा पुसून परत केलं, कारण यात चूक झालेली त्यांना चालणार नव्हती.

"तेहतीस मिनिटं तेहतीस सेकंद."

नरसिंगनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, परत बांधलं.

"म्हंजे मी पळत हुतो," तो म्हणाला.

"पळत होतास. चौतीसच्या चांगला आत होतास. मीच तुला थांबवलं. दगडाचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही. तू म्हणाला होतास मला, 'सर, आज लई लांब वाटलं.' आठवतंय मला." सरांनी खडू खाली ठेवला. "नरसिंग, मला माफ कर म्हणायला तोंड नाही."

नरसिंग दगडाजवळ गेला. "वरसातून दोनदा ह्याला चुना मारतो, सर. दरवक्ती चुना मारून झाला की एक लाथ घालतो ह्याला. कुणी बघत न्हाई ते बघून. पाच वरसं झाली. आता कुणाला घालू लाथ? पार्वतीमावशीला?"

"मला घाल," सर म्हणाले. ते खरोखरच म्हणाले.

नरसिंगनं त्यांच्याकडं बघितलं आणि मग तोही हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत. "मायला, मला वाटायचं माझ्यातच खोट हाय. लगीन झालं तवा बायकूला सांगितलं न्हाई का मी कधी पळत हुतो म्हून. सांगायचं काय? पळत हुतो आन् हुकलो? लई हलकं वाटून राहिलं, सर. आता जे गेलं ते काय परत येतंय? पर खोट माझ्यात नव्हती, एवढं तरी कळलं." मग त्यानं सूर्याकडं बघितलं. "पाचची गाडी हाय न्हवं? हितं बसून काय ऱ्हाता? उठा की!"

सर उठले. त्या दिवशी सायकल त्यांनी जशी हाणली तशी आयुष्यात कधी हाणली नव्हती. शिपाई पिशवी घेऊन कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडत होता, त्याला तिथंच उभं करून त्यांनी फाटकाच्या खांबावर अर्ज ठेवून लिहिला. पहिलं नाव पंचशीलेचं. मग थोडं थांबले आणि दुसरं लिहिलं, शंकरप्पाचं. शंकरप्पा कितीही गणितं मांडली तरी चौतीसच्या आत येत नव्हता, साडेछत्तीसच्या आसपास घुटमळत होता. पण पोरगं तीन वर्षं न चुकता पहाटे येत होतं. त्याला नुसतं पळून तरी येऊ द्यावं, असं सरांना वाटलं. वाक्य दानम्माचं होतं, ते त्यांनी घरी कबूल मात्र आठवड्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी जिमखान्याच्या दारावरची ओळ त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढली. ऑइलपेंट चिवट, पुरती गेली नाही, पण वाचता येईना एवढं झालं. प्राचार्य जाता जाता थबकले. सरांनी त्यांना साखळीची सगळी हकिगत सांगितली. हणमंतराव ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे नवा जिल्हा झाला नसता तर तुम्हाला कधी कळलंच नसतं." शेवटी श्रेय त्यांनी जिल्ह्यालाच दिलं.

आठ दिवसांनी नांदेडला स्पर्धा झाल्या. मैदान तेच, आणि सरांना क्षणभर वाटलं भोंगाही तोच. मुलींची तीन हजारची शर्यत सकाळी होती. साडेसात फेऱ्या. पंचशीला पहिल्या चार फेऱ्या मधे कुठंतरी होती. मग जिथं तिला आजवर लिंब दिसायचं आणि तरी पाय ओढायला लागायचे, तिथं पोचायच्या आतच शर्यत संपत आली होती. अंगात अजून बळ शिल्लक आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती सुटली. दुसरी आली. दहा मिनिटं एक्कावन्न. पहिल्या तिघींना विद्यापीठाच्या संघात घेणार होते. भोंग्यावर "पंचशीला, लातूर जिल्हा" असं नाव आलं तेव्हा ती सरांपाशी येऊन पाया पडायला वाकली, आणि सरांनी तिला मधेच धरून उभं केलं.

दुपारच्या दहा हजारात शंकरप्पा शेवटचा आला, एका फेरीनं मागं. कोणीतरी हसलंही. पण सर कडेला उभं राहून टाळ्या वाजवत राहिले, तो रेघ ओलांडेपर्यंत, आणि मग टॉवेल घेऊन स्वतः आत गेले. शंकरप्पा धापा टाकत म्हणाला, "सर, पुढच्या वरसाला बी येऊ का?" सर म्हणाले, "यायचंच."

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून सर स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्याकडं गेले. नरसिंग रजा टाकून सकाळच्या गाडीनं बायकोसकट आला होता, सिंधूला नांदेड दाखवतो म्हणून. दोघं आधीच तिथं उभे होते. नरसिंग पाठमोरा होता, त्यानं सरांना पाहिलं नव्हतं. चहावाला कपबश्या विसळता विसळता म्हणत होता, "लातूरची पोरगी भारी पळली म्हणे आज."

"पळणारच. आमच्याच रस्त्याची हाय," नरसिंग म्हणाला. मग बायकोकडं न बघता, चहाच्या कपाकडं बघत तो म्हणाला, "मी बी पळायचो. धा किलोमीटर. तेहतीस मिनिटं तेहतीस सेकंद."

सिंधू वळून त्याच्याकडं बघायला लागली. चहावाला हसला. "काय सांगता! खरं का?"

तेव्हा सर पुढं झाले, चहाचा एक कप उचलला आणि म्हणाले, "खरं आहे. मी मोजलंय, साखळी टाकून."